देवाला विचारायचं राहिलं ते

माझ्या बायकोच्या, पद्मावतीच्या, हृदयात धातूची झडप आहे. तिथे रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ती रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी घेते. गोळी चुकली तर काय होऊ शकतं, ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. झोप फक्त माझी उडाली.

आमच्या मुलाचं, गौरेशचं, लग्न ठरलं आणि हिला एकाएकी आपले गाल बसलेले दिसू लागले. डिचोलीतली त्वचेची डॉक्टर सेजल इंजेक्शनने गाल भरून देते. गोळीचं कळताच तिने स्पष्ट सांगितलं: सुई टोचली की आत रक्त साकळेल, गाल काळानिळा होईल, तेव्हा लग्नानंतर बघू. गोळी मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही.

डॉक्टर नाही म्हणाली की आमच्याकडे वरचं कोर्ट असतं. पद्मावती तडक हळर्णला, माहेरच्या देवळात गेली. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं आणि उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होकार.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर आदल्या संध्याकाळची गोळी पाकिटात तशीच. मी पाकीट तिच्यासमोर धरलं.

"देवाक नेमका काय विचारलंस?"

"इंजेक्शन घेव काय, इतकाच."

"आणि गोळी बंद करू काय, ता?"

"उजवी पडली म्हणजे सगळा इला तेच्यात. आता कौल मोडूचो नाय."

भाजीवालीला दहा प्रश्न विचारणारी ही बाई, देवाला एकच विचारून आली होती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिला गाडीत बसवलं आणि हळर्णला नेऊन राहिलेला प्रश्न मी विचारला. डावी पडली. पद्मावतीने तिथेच तीर्थाबरोबर गोळी गिळली. परतताना मी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि आम्हा दोघांना झाडलं.

पण उजवा कौल शिल्लक होताच. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, कुरकुरत, सेजलने एक गाल टोचला. तो जांभळासारखा झाला. दुसऱ्याला तिने हात लावला नाही.

लग्नात पाहुणे आधी तिच्या गालाकडे बघायचे, मग माझ्या हातांकडे. पद्मावतीला मजा वाटत होती, ती कुणालाच खुलासा करीना. फोटोवाला म्हणाला, मावशी, तोंड जरा तिकडे करा. मी म्हटलं, नको, आहे तसाच काढ. ती माझ्या शेजारी उभी होती, मला तेवढंच हवं होतं.