दोन पट्ट्यांमधला सूर

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. जर्मनीतल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या मालकीणबाई गर्ट्रूड लिंडनर संगीतशास्त्राच्या अभ्यासक आणि शिक्षिका. त्या मस्कतला शिकवायला आल्या, तेव्हा जहाजातून मीही आलो. तिथल्या मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या घरी वीस वर्षे मुलांनी माझ्यावर बोटे गिरवली. येणारा-जाणारा माझे कौतुक करी.

मुले गेली की बाई आपला ग्रंथ लिहीत बसत. माणसाचा गळा शेवटी माझ्या पट्ट्यांवरच्या बारा सुरांवरच येऊन थांबतो, बाकीचे सूर घसरलेले, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले होते. मला त्याचा फार अभिमान वाटे.

स्वयंपाकाला हवाबी येत. मूळच्या दापोलीकडच्या, राहायला मस्कतच्याच हमरिया भागात. एकदा कांदा चिरताना त्या लग्नातले गाणे गुणगुणत होत्या. बाई तो सूर माझ्यावर शोधू लागल्या. एक पट्टी चढी लागली, शेजारची उतरी. मी खूप प्रयत्न केला, पण तो सूर माझ्याजवळ नव्हताच. तुमचा सूर घसरतो आहे, असे बाईंनी हिंदीत सांगितले.

हवाबींनी सुरी खाली ठेवली. "मॅडम, हा माझ्या आईचा सूर. तिला तिच्या आईनं दिला. आम्ही सगळ्याच चुकलो का?"

 पुढच्या शुक्रवारी बाई हमरियात गेल्या आणि अकरा बायकांनी एकेकटीने गायलेले तेच गाणे ध्वनिमुद्रित करून आल्या. अकराही जणींचा आवाज नेमका त्याच जागी, माझ्या त्या दोन पट्ट्यांच्या मधे थांबत होता.

ग्रंथ छपाईला जायचा होता. बाईंनी त्यातले मुख्य प्रकरणच काढून टाकले. प्रकाशकाने फोनवर समजावले, ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

"माझ्या लक्षात आलं आहे," बाई म्हणाल्या.

प्रकाशकाने करार मोडला. बाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या, संधिवाताने बोटे सुजलेली. तरी त्या पुन्हा लिहायला बसल्या. शिकवण्या कमी केल्या. माझे झाकण आठवडेच्या आठवडे बंद राही. समुद्राच्या दमट हवेने माझे लाकूड फुगले, चार पट्ट्या अडकल्या. मला वाईट वाटे, रागही येई. हवाबी मात्र हव्या तितक्या वेळा तीच ओळ गात. कधी म्हणत, "आता खलास मॅडम, भाजी करपेल."

तीन वर्षांनी दुसऱ्या एका लहान प्रकाशकाने ग्रंथ काढला. पहिल्याच पानावर छापले होते: 'या ग्रंथातली चूक हवाबी मुकादम यांनी दाखवली.' बाईंनी अर्थ सांगितला, तेव्हा चूक आपल्या नावावर का लिहिली म्हणून हवाबी जरा घाबरल्या. मग समजले, तशा त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

मित्रांनो, माझ्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, झाकण आपटू नका, वर्षातून एकदा माझे सूर लावून घ्या. आणि माझ्याशी जुळत नाही, म्हणून कुणाचे गाणे थांबवू नका.