पेवाच्या पोटातला शेअर

मित्रांनो, तेर गावी, दगडोबांच्या अंगणात, एका सपाट दगडाखाली मी बसलेलो आहे. मी ज्वारीचं एक जुनं पेव. तोंड अरुंद, पोट मोठं. दगडोबांच्या आजोबांनी मला पांढऱ्या मातीत खणलं, आतून काडाचं अस्तर लावलं आणि ज्वारी भरून तोंड लिंपून टाकलं. पीक बुडालं की घर माझ्याकडे यायचं. दगड सरकवायचा, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून पाहायचा. तो विझला नाही तरच माणूस आत उतरायचा. त्या दिवशी दगडोबांची बायको सत्यभामा मला हळदकुंकू वाहायची. त्या घरात माझ्याइतका मान कुणालाच नव्हता.

मग तो आला. दगडोबांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन होतं, ते कधी रुसलं नाही. त्याच कंपनीचे शेअर निघाल्याचं विष्णुपंत मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलं. शेअर म्हणजे कंपनीतला लहानसा वाटा. कंपनी वाढली तर तोही वाढतो, मात्र वर्षानुवर्षं धीर धरावा लागतो, असं त्यांनी समजावलं. दगडोबांना पटलं. त्या सुगीला माझ्या वाट्याची निम्मी ज्वारी बाजारात गेली, आणि बदल्यात काय आलं, तर एक छापील कागद! सत्यभामेनं त्यालाही हळदकुंकू लावलं. माझा जळफळाट झाला.

पुढं तर कहरच झाला. वर्षानुवर्षं ठेवायचं ते पेवात, एवढंच दगडोबांना ठाऊक. त्यांनी कागद पितळी डब्यात घातला, डबा लाखेनं बंद केला आणि माझ्याच ज्वारीत पुरला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. सवत आणून पोटात बसवावी, तसं मला झालं.

दुसऱ्या वर्षी शेअरचा भाव पडला. शेजारच्या लिंबाजीनंही त्याच कंपनीचे शेअर घेतले होते, ते त्यानं घाबरून विकले, आणि दगडोबांचंही मन चळलं. ते पहार घेऊन माझ्या तोंडाशी आले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ज्वारी नासली तरी चालेल, पण हा पाहुणा जाऊ दे, असंच मला वाटत होतं. इतक्यात सत्यभामा येऊन दगडावर बसली.

“ऊठ. कागद काढायचाय,” दगडोबा म्हणाले.

“पेव एकदा फोडलं की समदी ज्वारी उपसावी लागती. किडे लागले तर अडचणीच्या साली लेकरांना काय घालू? आन् आपलं इंजिन बंद पडलंय का?”

“न्हाय.”

“मग कशाला घाबरताव?”

दगडोबा पहार खांद्यावर टाकून परत गेले. माझा मात्र चांगलाच हिरमोड झाला.

पुढं दोन वर्षांनी पाऊस दडी मारून बसला, तेव्हा मला उघडलं. ज्वारी खडखडीत होती. डबाही तसाच होता, आणि शेअरचा भाव तर लई चढलेला. लिंबाजी हात चोळत बसला. वर्षभर घर माझी ज्वारी खात होतं आणि गुण त्या कागदाचे गात होतं. कागद ट्रंकेत गेला. मी रिकामा पडलो, आणि पोरं माझ्यात खडे टाकू लागली.

पण ट्रंक पडली हाताशी. वर्तमानपत्र आलं की दगडोबा कागद काढायचे, चाचपायचे, परत ठेवायचे. भाव जरा घसरला की जेवण जाईना. एकदा तर ते विकायला निघालेच. सत्यभामेनं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

“हा पेवातच ठिवा. तिथं आपला हात जात न्हाय.”

सुगी झाल्यावर मला साफ केलं, नवं काड लावलं आणि गळ्यापर्यंत ज्वारी भरली. मधोमध तोच डबा. मित्रांनो, तो अजूनही माझ्या पोटात आहे आणि मला तो अजूनही आवडत नाही. तरीही मी त्याला ओल लागू देत नाही. तुम्ही एवढंच करा. भरलेल्या पेवाचा दगड उगाच हलवू नका. आणि ज्या दिवशी तो डबा बाहेर येईल, त्या दिवशी चिमूटभर कुंकू माझ्या दगडालाही लावा.