टांझानियाहून परतलेली शिलाई मशीन

मित्रांनो, मी हाताने फिरवायची एक जुनी शिलाई मशीन आहे. जन्मले दूरच्या कारखान्यात, पण कामाला लागले मिनाच्या हाताखाली. जवळा बाजार या गावाहून तिने मला जीपच्या टपावर बांधून तांड्यावर आणलं. झबली, ब्लाउज, शाळेचे गणवेश. माझं चाक कधी थांबलं नाही.

तिचा नवरा देविदास हातपंप दुरुस्त करायचा. एका संस्थेने दोघांना दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून टांझानियात काम करायला निवडलं. त्याने पंपदुरुस्ती शिकवायची, तिने शिवण. आधी तिथल्याच एका खेड्यात दहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. गोणपाटात गुंडाळून मलाही नेलं.

तिथे ती दोघं एका कुटुंबात राहत. सकाळी स्वाहिली भाषेचा वर्ग असे. दुपारी मिना मला घेऊन अंगणात बसायची आणि शेजारणी जमायच्या. सुई, दोरा, कात्री यांची नावं विचारता विचारता ती महिन्याभरात बोलू लागली. देविदासची वही शब्दांनी भरली होती, पण चारचौघांत त्याचं तोंड उघडत नसे. दुकानदारसुद्धा मिनाशीच बोले. गावाकडे ज्याला दहा ठिकाणांहून बोलावणं यायचं, त्याला हे फार लागत होतं. मला ते दिसत होतं. मिनाला शिकवण्यातून उसंत नव्हती.

एकदा जेवताना त्याने धीर करून त्या घरच्या थोरल्या मुलाला आदराने 'दादा' म्हटलं. त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. सगळे हसले. मिनाही हसली. देविदासने मान खाली घालून जेवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी मिना विहिरीवर पाण्याला गेली असताना संस्थेच्या संगिताताई चौकशीला आल्या.

"न्हाई ताई," देविदास म्हणाला, "आमाला दोघांनाबी हितं जमून न्हाई राहिलं. आमी वापस जातो."

मिनाला कळलं ते तिकिटं आल्यावर.

"मला काहून इचारलं न्हाई तुमी?"

"तू एकटी राहिली असती का?"

"ते मी सांगितलं असतं."

संगिताताईंनी तिला एकटीने राहण्याची मुभा दिली. पण त्याला असं एकट्याला पाठवायला तिचं मन धजेना. संध्याकाळी तिने मला पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. शेजारणींची अर्धवट शिवलेली पोलकी तिने ज्यांची त्यांना परत दिली.

त्याला आता चार वर्षं झाली. तांड्यावर आल्यापासून मिना सोयाबीनच्या निंदणीला जाते. मी बाजेखाली गंजत पडले होते. गेल्या आठवड्यात देविदासने मला बाहेर काढलं, घासून तेल दिलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला इचारायला पायजे होतं."

"व्हय," मिना म्हणाली. तिने माझं चाक एकदा फिरवून पाहिलं, मग खुरपं उचललं आणि शेताकडे निघून गेली.

देविदास आता रोज माझी धूळ पुसतो. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. पण आपल्या माणसाचं उत्तर आपण देऊन टाकू नका. ते घरात नसेल, तर थोडं थांबा. त्या दिवशी विहीर काही लांब नव्हती.