धुतलेल्या कांड्या

वीस मिनिटं झाली तरी चकती पांढरीफटक. आफियाने ती चिमट्याने बाहेर काढली. मायक्रोवेव्ह भट्टीत तेराशे अंशांवर भाजून निघायला हवी होती ती. लागत होती नुसती कोमट.

नाशिकच्या कॉलेजातल्या या प्रयोगशाळेत आफिया तीन महिने बेरियम टायटॅनेटची पूड घोटत होती. मोबाइलमधल्या इवल्याशा कपॅसिटरला हेच सिरॅमिक लागतं. पूड संपली होती. ही त्या पुडीची दाबून केलेली शेवटची चकती. दुपारी तीनला कुंदन सर ती घेऊन पुण्याला चाचणीसाठी निघणार होते. ही वेळ हुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

तिने भट्टीत वाकून पाहिलं. चकतीभोवती उभ्या असायच्या त्या चार काळ्या कांड्या गायब! सकाळच्या घाईत तिचं लक्षच गेलं नव्हतं.

“मावशी, इथल्या कांड्या कुठं गेल्या?”

प्रयोगशाळा झाडणाऱ्या कुसाबाई घोटीकडच्या. पदराला हात पुसत त्या आल्या. “त्या व्हय? उद्या कमिटी येणार, म्हणून काल साबणाच्या पाण्यात घातल्या. लय काजळी धरली होती. घासघास घासल्या, पर काळेपणा जाईना!”

“अहो, त्यांचा रंगच तो!” आफिया ओरडलीच. कुसाबाईंचा चेहरा एवढासा झाला. तो पाहून तिने आवाज खाली आणला. “मावशी, चकती थंड असते ना, तेव्हा या भट्टीतल्या लहरी तिला फारशा लागत नाहीत. काळ्या कांड्यांना लगेच लागतात. त्या तापतात, चकतीला तापवतात. मग पुढं चकती आपली आपण आतून तापते.”

“म्हंजे ओंडक्याखाली काटक्या घालतो तसं?”

“अगदी तसंच.”

“आन् मी काटक्याच काढून नेल्या!” कुसाबाईंनी कपाळाला हात लावला.

बादलीतून कांड्या निघाल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते. आफियाने त्या फडक्याने पुसल्या आणि भट्टीकडे वळली. कुसाबाईंनी तिचं मनगट धरलं.

“वरून पुसून काय व्हतंय? रातभर भिजल्यात त्या. तडकल्या म्हंजे?”

आफिया थबकली. खरंच, आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली असती. तिने कांड्या साध्या ओव्हनमध्ये वाळत ठेवल्या. दीड तास गेला. तिला डबा गोड लागेना.

कुंदन सर डोकावले. “भट्टी अजून बंदच? मुहूर्त काढतेस की काय?”

कुसाबाई बोलायला उठल्या, पण आफियाच आधी म्हणाली, “सर, कांड्यांवर चिठ्ठी लावायची माझी राहिली. चुकून धुतल्या गेल्या.”

“तीन म्हणजे तीन हं!” सर निघून गेले. कुसाबाईंनी आपल्या डब्यातली चटणी तिच्यापुढे सरकवली.

एक वाजता कांड्या चकतीभोवती उभ्या राहिल्या आणि भट्टी सुरू झाली. भाजून झाल्यावर मग चकती निवू द्यायची. तिथेही घाई चालत नाही. तीनला दहा कमी असताना ती बाहेर आली.

“अगं बया, बारकी झाली ही! बिघडली का परत?”

आफियाने चकती काचेवर हलकेच वाजवली. खणखणीत आवाज आला. “बारकी झाली म्हणजे आतले कण घट्ट चिकटले, मावशी. कच्ची राहिली असती तर आकसलीच नसती.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आफियाने चकती कापसात गुंडाळून डबीत ठेवली आणि डबी कुसाबाईंच्या हातात दिली. “तुम्हीच द्या सरांना. पळा!”

“पळत नाय मी,” कुसाबाई दोन्ही हातांत डबी धरून एकेक पायरी उतरत म्हणाल्या. “थांबू दे त्यांना.”