मैद्याच्या गोळ्याला काय झालं?

बेकरीसमोर ही झुंबड उडाली होती, पण पावाला कुणी विचारत नव्हतं. जो तो सदऱ्याची बटणं सोडून शेजाऱ्याला छाती दाखवत होता. छातीवर हिरवागार डाग! शिंप्याचा डाग तर पार बेंबीपर्यंत ओघळलेला, आणि पठ्ठ्या नवरदेवासारखा मिरवत होता.

ही सगळी करणी बिल्लेबाबाची. कॅथलिक संतांचे जुने पितळी बिल्ले विकायचा तो. "गळ्यात घाला, रोज वरून माझं पवित्र पाणी चोळा! संत आतला रोग ओढून काढतात. हिरवं दिसलं की रोग निघाला! ज्याला हिरवं येत नाही, त्याची श्रद्धा कच्ची!"

बेकरीवाल्याने तर मधुमेहाच्या गोळ्याच बंद केल्या. पायाची जखम चिघळली, डॉक्टर अंगठा कापायचं बोलू लागले, आणि हा गडी आरशात छाती बघून खूश. त्याची धाकटी बहीण शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. भावासाठी तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"दादा, अरे गोळ्या घे रे!"

"गप गं, मास्तरीणबाई! आज शिंप्यापेक्षा बोटभर जास्त हिरवा झालोय मी."

डोकं फोडून घ्यावं, असं तिला झालं. तिने पवित्र पाण्याची बाटली उघडून हुंगली. व्हिनेगर! जिभेला लावून पाहिलं, तर वर मीठही. वहिनीने आपला बिल्ला गुपचूप काढून दिला. तो त्या पाण्यात बुडवून तिने बेकरीतल्याच मैद्याच्या गोळ्यावर ठेवला आणि ओल्या फडक्याने झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भर गर्दीत, बिल्लेबाबासमोरच तिने फडकं उचललं. गोळा हिरवा!

"बाबा, या गोळ्याला कुठला रोग होता हो?"

बाबा क्षणभर गडबडला. "मैदाच किडका! त्याचा रोग निघाला!"

लोकांनी माना डोलावल्या. दादा मात्र ताडकन उठला. "किडका? माझा मैदा? अहो, मी स्वतः चाळतो तो! माझ्या मैद्याला काहीएक झालेलं नाही!"

"मग दादा, हिरवं कशाने आलं?"

दादाने गोळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे.

"पितळेत तांबं असतं," ती सगळ्यांना म्हणाली. "घाम, मीठ, व्हिनेगर लागलं की ते हिरवं पडतं. जुन्या पितळी नळावर चढतं तेच हे. रोग आत होता तिथेच आहे. यात त्या संताचा काय दोष? तो बिचारा बिल्ल्यावर मुकाट उभा आहे. हवा तर प्रेमाने घाला बिल्ला, पण औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, की आधी तो मैद्याच्या गोळ्यावर करून बघा!"

बिल्लेबाबाने केव्हाच पोबारा केला होता. शिंपी खाली मान घालून बटणं लावत होता.

दादा पोत्यावर मटकन बसला. "माझ्या गोळ्या कुठे आहेत गं?"

तिने पर्समधून पाकीट काढलं. रोज बरोबर आणायची ती.

"चल दवाखान्यात," तो पाणी पिऊन म्हणाला. "अंगठा वाचतोय का बघू."