तिसरा फोन

ओरेस्ट बोयचुक आणि मी खतासाठीच्या पोटॅशच्या एकाच खाणीत कामाला होतो. कॅनडातल्या सॅस्काटून शहराहून खाणीचा रस्ता सरळसोट, सपाट आणि हिवाळ्यात अगदी कंटाळवाणा. म्हणून आम्ही एकाच गाडीनं जायचो, एक आठवडा त्याचा पिकअप ट्रक, एक आठवडा माझा. बोलायचं काम त्याचं, ऐकायचं माझं. त्या हिवाळ्यात त्याला बोलायला एकच विषय होता, घरचा हीटर.

ओरेस्टचा कुठल्याही कंपनीवर काडीचा विश्वास नाही. हीटर सांभाळणारी तयार यंत्रं दुकानात मिळतात, पण ती घरातल्या चहाड्या बाहेर पोचवतात असं त्याचं मत. म्हणून त्यानं तळहाताएवढा एक संगणक आणून स्वतःच तळघरात बसवला. घरच्या वायफायवर कोणकोणते फोन आहेत ते हा संगणक बघत राहायचा. ओरेस्टचा किंवा त्याच्या बायकोचा, वेर्नाचा, फोन दिसला की घरात माणूस आहे, हीटर चालू. दोन्ही फोन गेले की थोडा वेळ वाट बघायची, कारण फोन मधूनच झोपी जातात, आणि मग आच कमी करायची.

"माझ्या घरात कोण आहे ते माझ्या घरालाच कळणार," तो म्हणायचा. "बाहेर एक अक्षर जात नाही."

"वेर्नाला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं त्यात? घर गरम असलं म्हणजे झालं."

जानेवारीतल्या एका सकाळी तो गाडीत बसला तो गप्पच. शहर मागे पडलं तरी तोंड उघडेना. मग एकदम म्हणाला, "क्लेटन, तुझ्या वायफायवर तिसराच कुणाचा फोन दिसला तर तू काय समजशील?"

"शेजारी फुकट वापरतोय असं."

"पासवर्ड लागतो. तो मला माहीत आहे आणि वेर्नाला."

मी उगाच गाडीचा हीटर वाढवला.

"मंगळवारी येतो आणि गुरुवारी येतो," तो पुढे म्हणाला. "दुपारच्या जेवणानंतर. मी घरी पोचायच्या आत गेलेला असतो. नाव नाही, काही नाही. नुसते आकडे आणि अक्षरं."

त्या रात्री जेवताना त्यानं वेर्नाला सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुणी आलं होतं का? ती बोर्श्ट, बीटचं सूप, वाढत होती. "या थंडीत कोण मरायला येतंय?" ती म्हणाली आणि डाव परत भांड्यात घातला. तो दिवस मंगळवार होता.

तिथून ओरेस्ट बिघडत गेला. संगणकातलं काहीच बाहेर जात नसल्यामुळे खाणीतून त्याला काही बघता यायचं नाही. त्यानं स्वतःच तशी सोय करून ठेवली होती. दिवसभर तो जमिनीखाली तळमळायचा आणि घरी पोचला की बूट न काढता आधी तळघरात उतरायचा. वर वेर्ना पावलं ऐकत उभी असायची, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

गाडीत मला रोज नवीन पुरावा मिळायचा. ओट्यावर दोन मग उपडे घातलेले. बाथरूममधला टॉवेल वेगळ्याच घडीचा. वेर्नाचा फोन हल्ली टेबलावर पालथाच असतो. आणि मागच्या दाराजवळच्या बर्फात म्हणे एका बुटाचे ठसे आणि त्यांच्या शेजारून ओढत नेल्यासारखी एक रेघ.

"काहीतरी ओढत नेलंय," तो म्हणाला. "पोतं असेल, पेटी असेल. ती घरातलं सामान हलवतेय, क्लेटन. मला सोडून जाणार आहे."

"अरे, पन्नाशीतली बाई, गुडघे दुखतात तिचे. ती तुझ्या पेट्या ओढत बसेल?"

"म्हणूनच तर तो येतो ना!"

मी हसलो खरा, पण घरी गेल्यावर बायकोचा फोन कुठे आहे ते मीही एकदा बघून घेतलं. संशय सर्दीसारखा लागतो.

शेवटी एका गुरुवारी त्यानं दुपारची सुट्टी टाकली. आठवडा माझ्या ट्रकचा होता, त्यामुळे मलाही टाकावी लागली. एकट्याला सोडायला मला भीतीही वाटत होती. तो दांडगा माणूस आहे आणि आठवडाभर धड झोपला नव्हता.

आम्ही मागच्या गल्लीत थांबलो. अंगणात ताजी पावलं होती, डाव्या बुटाचा स्वच्छ ठसा आणि उजव्या बाजूला रेघ. ओरेस्टनं ती बघितली आणि थेट दारातून आत शिरला. मी मागोमाग.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी वेर्ना बसली होती. समोर एक म्हातारा वाटावा असा माणूस. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. त्याच्यापुढे त्याचाच फोन उभा करून ठेवला होता आणि त्यावर चमच्याचं मोठं चित्र होतं. चित्राकडे बघत तो ओठ जुळवत होता, "च... च..."

ओरेस्ट जागच्या जागी थिजला. मीही त्या माणसाला जरा उशिरानंच ओळखलं. तो नेस्टर होता, ओरेस्टचा थोरला भाऊ. म्हाताऱ्या आईला नेस्टरनं वृद्धाश्रमात ठेवलं आणि त्याच हिवाळ्यात ती तिथे वारली. तेव्हापासून ओरेस्टनं भावाचं नाव टाकलं होतं.

"हे काय आहे?" ओरेस्टचा आवाज चिरकला.

"पानगळीच्या दिवसांत त्याला झटका आला," वेर्ना बसल्या जागेवरूनच म्हणाली. "एक बाजू गेली, बोलणं गेलं. अपंगांची गाडी त्याला कोपऱ्यावर सोडते. मी आयुष्यभर पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली, त्याला नाही शिकवू शकत?"

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यानंच शपथ घातली. आईबद्दल त्याला तुझ्याशी बोलायचंय, आणि ते धड बोलता येईपर्यंत तुझ्यासमोर यायचं नव्हतं त्याला."

नेस्टर खुर्चीला धरून उठायला लागला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. "आ... आ..." चेहरा लाल झाला, डोळे भरून आले, शब्द काही येईना. मग त्यानं चांगला हात टेबलावर आपटला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "गाढवा!"

मग ओरेस्टच्या तोंडून हुंदका का हसू, काहीतरी निघालं. त्यानं पुढे होऊन भावाला काखेत हात घालून धरलं आणि खाली बसवलं. "बोल की अजून," तो म्हणाला. "बरोबर बोललास. अजून बोल." नेस्टरनं आणखी एक शिवी दिली, ती मी इथे सांगत नाही. मी बाहेर येऊन ट्रकमध्ये बसलो.

गोष्ट इथेच गोड झाली असती. पण संध्याकाळी वेर्नानं नवऱ्याला विचारलं, "तू आज दुपारी नेमका कसा आलास?"

ओरेस्टला खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगितलं, मंगळवार, गुरुवार, दोन मग, टॉवेल. ती ऐकून घेऊन झोपायला गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्याला सोडायला गेलो आणि कॉफीसाठी आत शिरलो तर घर बर्फासारखं गार. वेर्ना जाडजूड कोट घालून, कानटोपी चढवून सोफ्यावर पुस्तक वाचत बसली होती. तोंडातून वाफ निघत नव्हती एवढंच.

"हीटर बंद पडला?" ओरेस्ट घाबरून म्हणाला.

"नाही. चोख चालतोय," ती पान उलटत म्हणाली. "माझा फोन गाडीत आहे. म्हणजे घरात कुणी नाही."

"वेर्ना, अगं आजारी पडशील!"

"तुला कंपन्यांची भीती वाटत होती ना? त्यांनी माझे मग तरी मोजले नसते."

हे बरेच दिवस चाललं. तो माफी मागायचा, ती हो म्हणायची आणि कोट घालून बसायची. शेवटी एका रविवारी त्यानं संगणक वर आणून टेबलावर ठेवला, हातोडी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "तू सांगशील तसं."

वेर्नानं हातोडी खणात ठेवून दिली. "मोडू नकोस. थंडी खरीच आहे. पण याला नावं शिकवू नकोस. घरात माणूस आहे की नाही, एवढंच याला कळू दे. कोण आहे, कधी आलं, कधी गेलं, ते मला विचारायचं."

त्यानं तसं केलं. तीन फोनांपैकी एक जरी असला तरी घर गरम राहतं आणि मागचं काही साठत नाही. नेस्टर अजून येतो, आता पुढच्या दारानं. आईबद्दल तो बोलला की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

वेर्ना मात्र अजूनही कधीकधी फोन गाडीत ठेवून पायीच बाहेर पडते. कुठे गेली होती ते ओरेस्ट विचारत नाही. परवा खाणीकडे जाताना त्यानंच हे मला सांगितलं. "विचारलं तर सांगेल ती," तो म्हणाला आणि खिडकीबाहेरच्या पांढऱ्या शेतांकडे बघायला लागला.