आईच्या आवाजाची प्रत

दादाला संगणक इतका कळायचा की माणसं कळायची गरज त्याला कधी वाटलीच नाही. एका मोठ्या ऑफिसातली सगळी मशीनं तो सांभाळायचा. पडद्यावरच्या चित्रांवर टिचक्या मारून काम करणारे त्याच्या लेखी अडाणी. खरा जाणकार काळ्या पडद्यावर कमांड टाइप करतो, हे त्याचं ठरलेलं भाषण. धाकट्या बहिणीला ते तोंडपाठ होतं. तरी रविवारी सकाळी ती त्याच्या दारात येऊन उभी राहिली, कारण अडलं होतं तिचं.

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला होता. वडील होते तेव्हा ती रोज संध्याकाळी त्यांना पुस्तक वाचून दाखवायची आणि ते हौसेने रेकॉर्ड करून ठेवायचे. ते सगळं त्यांच्या जुन्या मशीनच्या डिस्कवर होतं. मशीन बंद पडलं, डिस्क तेवढी राहिली. पण त्या मशीनची फायली ठेवायची पद्धतच निराळी. धाकटीच्या कॉम्प्युटरला त्यातलं एक अक्षरही वाचता येईना. उलट तोच विचारायचा, डिस्क फॉरमॅट करू का? सगळं पुसलं जाईल म्हणून तिने दर वेळी घाबरून 'नाही' दाबलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आईला आपला आवाज एकदा ऐकायचा होता, एवढंच. त्यासाठी दादाने तीन महिने 'बघू, बघू' करत बहिणीला झुलवलं होतं.

आज ती आईलाच घेऊन आली. आई बाहेरच्या खोलीत वही-पेन मांडीवर घेऊन बसली आणि दादाने धाकटीला आत घेऊन कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला.

त्याने जुनी डिस्क जोडली, मग एक मोठी कोरी डिस्क जोडली. चार-पाच ओळी टाइप केल्या. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली आणि काळ्या पडद्यावर फायलींची नावं भराभर उतरली. त्यातली एक त्याने वाजवली.

"अहो, चालू झालं का हे?" आईचा आवाज आला.

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती दाराकडे धावली.

"थांब. आधी अख्ख्या डिस्कची प्रत निघू दे, मग बोलव तिला." त्याने प्रतीची कमांड लिहिली. तिच्यात मशीनने डिस्कांना दिलेली दोनच नावं लिहायची असतात: कुठून घ्यायचं आणि कुठे ओतायचं. त्याने एंटर दाबलं.

"एवढंच होतं?" तिच्या तोंडून निघून गेलं. "मग तीन महिने का लावलेस रे दादा?"

झालं. दादाचं डोकं फिरलं. दोन सेकंदही चालली नसेल ती प्रत, त्याने तोडली आणि दोन्ही केबली उपटून काढल्या.

"सोपं आहे ना? मग तूच कर."

"दादा, तसं नव्हतं रे म्हणायचं मला."

"आणि मावशीला काय सांगत होतीस? आई आठ दिवस हॉस्पिटलात होती आणि मी फिरकलो नाही म्हणून?"

तो खरंच फिरकला नव्हता. हे त्या खोलीत दोघांनाही ठाऊक होतं.

"लाव फोन तिला. स्पीकरवर. सांग, मी खोटं बोलले."

धाकटीने एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि फोन लावला. "मावशी, दादा रोज यायचा गं हॉस्पिटलात. मीच खोटं सांगितलं तुला."

"असं बोलवतं तरी कसं गं तुला? सख्खा भाऊ तो!" मावशीने पाच मिनिटं तिची खरडपट्टी काढली. दादा खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. माणसाला एवढं सुख बहिणीच्या अपमानात मिळावं, याची खरं तर लाज वाटायला हवी.

फोन संपला. धाकटी टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. दादाने खुशीत डिस्का परत जोडल्या, या वेळी कोरी आधी आणि जुनी नंतर. जोडण्याचा क्रम बदलला की मशीन डिस्कांची नावंही बदलू शकतं, म्हणून दर वेळी नावं तपासा, हे तो ऑफिसातल्या पोरांना ओरडून ओरडून शिकवायचा. आज त्याने वरच्या बाणाचं बटण दाबलं, मघाची कमांड जशीच्या तशी समोर आली आणि त्याने एंटर मारलं.

अर्धा तास तो तिला काळजीपूर्वक वागण्याबद्दल सुनावत होता. मग पडद्यावर ओळ उमटली: जागा संपली.

छोट्या डिस्कची प्रत मोठीत घेताना जागा संपूच शकत नाही. दादाने नावं पाहिली. अदलाबदल झाली होती. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा त्याने आईच्या आवाजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतला होता. मघाशी दोन सेकंदांत कोरीवर जेवढं उतरलं होतं, तेवढंच जुनीवर परत गेलं होतं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला असलेली फायलींची नुसती यादी. फायलींची नावं दिसत होती. वाजवली की काहीच ऐकू येत नव्हतं. आता ते जगात कुणालाच परत आणता येणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"काय झालं?" धाकटीने तोंड वर केलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"तू रडत होतीस ना," दादा म्हणाला, "टेबल हलत होतं. डिस्क जुनी, चालू असताना धक्का सहन होत नाही तिला."

"माझ्यामुळे?"

"आता जाऊ दे. पण कशाला हात लावू नको म्हटलं होतं मी."

धाकटी पांढरीफटक पडली. "आईला काय सांगू? तू सांगतोस का, दादा?"

"मी का? तूच सांग."

ती बाहेर गेली. दादाने पडदा पुसून टाकला, कमांडची एकही ओळ मागे ठेवली नाही. थोड्या वेळाने आईच आत आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने वही त्याच्यासमोर धरली. तीत लिहिलं होतं, 'तिला रागावू नकोस. मुद्दाम नाही केलं तिने.'

"नाही रागावत," दादा म्हणाला. आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दारात उभ्या असलेल्या धाकटीने हात जोडून त्याचे आभार मानले.